सामायिक मेलला उत्तर देताना विषय बदलला तर चालतो का?

कोथरूडकर: सोसायटीचा मेलग्रुप माझ्या गळ्यात पडलाय. ‘टाकी सफाई’ या विषयाखाली पार्किंग, गणपतीची वर्गणी, बारावीचं अभिनंदन, सगळं चाललंय. उत्तर देताना नुसता विषय बदलला तर?

जुनं खोड: पुरत नाही हो. मेलच्या पोटात ‘इन-रिप्लाय-टू’ आणि ‘रेफरन्सेस’ या न दिसणाऱ्या ओळी असतात, हे कुठल्या मेलचं उत्तर ते सांगणाऱ्या; त्या जुन्याच राहतात. जीमेल नवा विषय वेगळा काढतं, थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्रॅम मात्र तुमची वर्गणी टाकीखालीच लटकवतं. विषय नवा, तर मेल कोरा. आणि खाली अख्खं रामायण ठेवून वर ‘ओके’ लिहिणारे! संदर्भापुरता मूळ मजकूर ठेवा, हे आरएफसी १८५५ या इंटरनेटवरच्या शिष्टाचाराच्या दस्तऐवजात १९९५ सालीच लिहून ठेवलंय. वाचतो कोण म्हणा.

कोथरूडकर: आणि अभिनंदन?

ठाण्याची मावशी: ते त्या मुलीलाच पाठवा. ‘रिप्लाय ऑल’ दाबून आमच्या एका काकांनी मेंटेनन्स का थकला याचं घरगुती कारण सगळ्या मजल्यांना कळवलं होतं. विषयात कामाचं लिहा, ‘रविवारी सकाळी पाणी बंद’ असं. ‘महत्त्वाचे!!!’ दिसलं की मी तर उघडतच नाही.