दिवाळी मेळावा: काउंटीचं फूड परमिट आणि फ्लायरवरची ती ओळ

प्रेषक: खाद्यसमिती

मंडळी,

काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) फूड परमिटचा अर्ज या आठवड्यात गेलाच पाहिजे आणि तो अर्धवट भरून माझ्या टेबलावर पडलाय. अडलंय एकाच प्रश्नावर. आपला क्युपर्टिनोचा मेळावा सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांपुरता आहे की सगळ्यांना खुला?

सचिवांचा फ्लायर किराणा दुकानांत लागलासुद्धा, आणि त्यावर खाली ठळक अक्षरांत ‘सर्वांचं स्वागत, तिकिटं दारावर मिळतील’. कॅलिफोर्नियाच्या फूड कोडात ना-नफा संस्थेला एक सूट आहे. आपल्याच सभासदांना आणि पाहुण्यांना खायला दिलं, आणि असा कार्यक्रम ९० दिवसांत ३ दिवसांच्या वर गेला नाही, तर आरोग्य खातं त्याला ‘फूड फॅसिलिटी’ धरत नाही. बाहेरच्या लोकांना विकलं की धरतं. म्हणजे ही ओळ राहिली तर परमिट, हात धुवायची सोय, थर्मामीटर, सगळं आलं. ओळ काढली तर यातलं काहीच लागत नाही.

मला आज रात्रीपर्यंत ‘हो’ किंवा ‘नाही’ हवंय. मागच्या गणपतीसारखं शेवटच्या दिवशी धावाधाव नको.

प्रेषक: सचिव

फ्लायर कार्यकारिणीने बघून मंजूर केलाय. ओळ निघणार नाही. शाळेच्या पटांगणाचं भाडं दारावरच्या तिकिटांतून निघतं, हे खजिनदारांना विचारा. आणि नुकतीच भारतातून आलेली कुटुंबं सभासद नसतात, ती याच मेळाव्यात पहिल्यांदा भेटतात. त्यांना दारातून परत पाठवणारं मंडळ मला नको.

परमिट हा खाद्यसमितीचा विषय आहे, फ्लायरचा नाही.

प्रेषक: नाना

इतकी वर्षं मेळावे झाले, तेव्हा कोणी थर्मामीटर घेऊन आलं नव्हतं. शिवाय वसंतातल्या फ्रीमाँटच्या कार्यक्रमाचं परमिट आपल्या फाइलीत आहेच की. तेच दाखवावं. पुन्हा फी कशाला? मंडळाचा पैसा लोकांचा आहे, ही फी जरा जास्तच होते असं माझं स्पष्ट मत आहे. कोणीतरी काउंटीत जाऊन तसं सांगायला हवं.

प्रेषक: सनीवेलची ताई

नाना, फ्रीमाँट अलामिडा काउंटीत येतं, क्युपर्टिनो सांता क्लारा काउंटीत. तिथला कागद इथे चालत नाही. मी काउंटीतच नोकरी करते (खातं वेगळं आहे), म्हणून थोडं सविस्तर लिहिते. दर वर्षी हाच घोळ होतो.

अन्नाची तपासणी शहराकडे नाही. या काउंटीतल्या पंधराही शहरांत ती काउंटीचं पर्यावरण आरोग्य खातं करतं. क्युपर्टिनोत तर बऱ्याच गोष्टी काउंटीकडेच आहेत. शहराला स्वतःचं पोलीस दल नाही, काउंटीच्या शेरीफशी (पोलीसप्रमुखाशी) करार आहे. आगीचा बंब काउंटीच्या अग्निशमन दलाचा, लायब्ररीही काउंटी लायब्ररीच्या व्यवस्थेतली. म्हणून ‘सिटी हॉलमध्ये माझी ओळख आहे’ याचा इथे उपयोग नाही.

फीबद्दल: ती काउंटीच्या निवडून आलेल्या पाच सुपरवायझरांचं बोर्ड ठरवतं. त्यांच्या सभा मंगळवारी, सॅन होजेत ७० वेस्ट हेडिंग स्ट्रीटवर असतात. ब्राउन अ‍ॅक्ट नावाचा १९५३ चा कायदा आहे, त्याप्रमाणे नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि कोणालाही उठून बोलता येतं. पण विषय अजेंड्यावर नसेल तर बोर्ड तिथल्या तिथे निर्णय घेऊ शकत नाही. म्हणून फीचं बोलायचं तर फीचं पत्रक बोर्डापुढे येईल त्या दिवशी जा. नाना, तुम्ही जाणार असाल तर मी बरोबर येईन. आपल्या लोकांनी तिथे बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रेषक: मिलपिटासच्या काकू

मी वड्यांचं सारण नेहमीसारखं घरी करून आणणार आहे. दीडशे वड्यांचे बटाटे आदल्या रात्री उकडून ठेवले की सकाळी हात मोकळा राहतो. चटणीही घरचीच. चालेल ना?

प्रेषक: खाद्यसमिती

काकू, परमिट घेतलं तर नाही चालणार. घरच्या स्वयंपाकघरात केलेलं काहीही स्टॉलवर ठेवता येत नाही, उकडलेले बटाटेसुद्धा. एकतर सगळं स्टॉलवरच करायचं, नाहीतर परवाना असलेल्या किचनमध्ये. कोणाच्या ओळखीचं हॉटेल दुपारी दोन-तीन तास किचन देईल का? मालकाचं पत्र लागेल.

बाकी नियम एकदाच लिहिते. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या वर राहिले पाहिजेत. ओल्या खोबऱ्याची चटणी थंड, ४५ अंशांच्या आत, आणि तीही फार तर १२ तास. थर्मामीटर सुईचा हवा, उसळीच्या पातेल्यात मधोमध खुपसून बघायचा. कडेला टेकवला तर भांड्याचा आकडा येतो, उसळीचा नाही. हात धुवायला तोटीचा पाण्याचा पिंप, तोटी एकदा उघडली की हात न लावता पाणी वाहतं राहील अशी. पाणी कोमट. खाली बादली, शेजारी पंपाचा साबण आणि कागदी टॉवेल. हातमोजे घातले म्हणून हात धुणं सुटत नाही.

प्रेषक: मिलपिटासच्या काकू

आणि उरलेलं?

प्रेषक: सनीवेलची ताई

काकू, गरम ठेवलेलं आणि ४५ अंशांवर ठेवलेलं जे उरेल ते दिवसअखेर टाकावं लागतं. डब्यांत भरून घरी न्यायचं नाही.

प्रेषक: मिलपिटासच्या काकू

हे मला पटत नाही. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणत वाढलो आपण. माझ्या आईने शिळ्या पोळीचा कुस्करा केला, पण घास टाकू दिला नाही. शंभर माणसांचं उरलेलं कचऱ्यात ओतायचं आणि वर त्याला स्वच्छता म्हणायचं? मी तिथे उभी राहू शकणार नाही.

प्रेषक: खाद्यसमिती

काकू, म्हणूनच एकदम शंभराचं करायचं नाही. सारण थंड पेटीत ठेवायचं, पीठ स्टॉलवर थोडं थोडं भिजवायचं आणि रांग बघून घाणा काढायचा. तयार वडे ट्रेमध्ये ढिगाने ठेवले की ते उरतात आणि निवतातही. कुपनं आधी विकली तर अंदाज चुकत नाही. तुमच्याइतका वड्यांचा अंदाज कोणालाच नाही, म्हणून तुम्हीच हव्यात.

प्रेषक: साराटोगाचे दादा

ताईंच्या बोर्डाच्या मुद्द्यावर. माझे वडील साताऱ्याला जिल्हा परिषदेत होते, त्यामुळे मला या गोष्टीत रस आहे. १ मे १९६२ ला आपल्याकडे जिल्हा परिषदा सुरू झाल्या. निवडून आलेला अध्यक्ष आणि सरकारने नेमलेला मुख्य कार्यकारी अधिकारी अशी जोडी. इथेही निवडलेलं बोर्ड आणि नेमलेला काउंटी एक्झिक्युटिव्ह, फरक इतकाच की त्याला वरचं सरकार नेमत नाही, बोर्डच नेमतं. पण शेरीफ, डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी (सरकारी वकील) आणि असेसर (करासाठी घराजमिनीची किंमत ठरवणारा) हे तिघे लोकांनी थेट निवडलेले! आपल्याकडे पोलीस अधीक्षकाला मत द्यायचं कोणाच्या स्वप्नात तरी येईल का? वडील इथे आले होते तेव्हा मतपत्रिका हातात घेऊन बराच वेळ वाचत बसले. शेवटी म्हणाले, “अरे, अधीक्षकाला लोकांकडेच मत मागावं लागतं, मग तो वागतो कसा?” मी अजून त्या प्रश्नावर विचार करतो.

प्रेषक: खजिनदार

असेसरचा विषय निघालाच आहे तर. ज्यांनी नवीन घरं घेतलीत त्यांनी लक्षात ठेवा, प्रॉपर्टी टॅक्सचा पहिला हप्ता १ नोव्हेंबरला देय होतो, १० डिसेंबर उलटला की १० टक्के दंड. दुसरा १ फेब्रुवारीला, त्याची मुदत १० एप्रिल. बिल पोस्टात हरवलं ही सबब चालत नाही. बँक परस्पर भरते असं समजून बसू नका, कर्जाच्या कागदावर एस्क्रो (हप्त्याबरोबर कराचे पैसे बँकेकडे जमा होण्याची सोय) आहे का ते बघा.

दारावरच्या तिकिटांबद्दल सचिव बरोबर आहेत. ती गेली तर भाडं खिशातून द्यावं लागेल.

प्रेषक: नाना

दादा, आपल्या अधीक्षकांना बदलीची भीती असते, तीही काही कमी नाही. साताऱ्याचं मलाही ठाऊक आहे, माझी आत्या कोरेगावची.

ताई, मंगळवारी मी येतो. फीबद्दल बोलेन. पण मग मेळाव्याचं परमिट काढाच, अर्धवट काही नको. तिथे उभं राहून बोलायचं तर आपली बाजू स्वच्छ हवी.

प्रेषक: खाद्यसमिती

नाना, आभार. म्हणजे ओळ राहते आणि परमिट काढायचं, असं धरून अर्ज पाठवतेय. किचन मिळालं नाही तर वडे बाद. मग पाकीटबंद फराळ परवाना असलेल्या दुकानातून घ्यायचा.

हॉल समिती, कढया उघड्यावर असणार, तेव्हा तळणीच्या तेलासाठी ‘के’ वर्गाचं अग्निशामक लागेल. घरातलं नेहमीचं लाल अग्निशामक त्याला चालत नाही. आणि तंबू केवढा आहे?

प्रेषक: हॉल समिती

तंबूचा विषय आमचा आहे, तो आमच्याकडेच राहू द्या. ३० बाय २०, म्हणजे ६०० चौरस फूट. पावसासाठी चारही बाजूंना पडदे सांगितलेत.

प्रेषक: सनीवेलची ताई

४०० चौरस फुटांच्या वर तंबू गेला की अग्निशमन दलाचं वेगळं परमिट लागतं. चारही बाजू उघड्या असतील तर ७०० पर्यंत सूट आहे. पडदे लावले की सूट गेली. आणि पडद्यांच्या आत तळण अजिबात नको.

प्रेषक: हॉल समिती

पडद्यांचे पैसे आगाऊ दिलेत. आणि पाऊस आला तर मुलांचा कार्यक्रम कुठे करायचा, हे नाट्यसमितीने सांगावं. आत्ताच सांगावं.

प्रेषक: मिलपिटासच्या काकू

पडद्यांचं तुम्ही ठरवा. सनीवेलला माझ्या भाचीच्या ओळखीचं हॉटेल आहे, ते सोमवारी बंद असतं. मालक पत्र द्यायला तयार आहे, पण पत्रात काय लिहायचं ते विचारतोय. मजकूर पाठवा. आणि मेळावा रविवारी, किचन सोमवारी, मग बटाटे सहा दिवस ठेवायचे कुठे? दुसरा वार विचारू का?