टॅरोच्या पुस्तिकेत थाप असेल तर डेक बाद करायचा का?

निशिगंध_६२
भाचीने वाढदिवसाला टॅरो डेक दिला, म्हणजे भविष्य बघायला वापरतात तो चित्रांच्या पत्त्यांचा जोड. चित्रं देखणी, डबा लोहचुंबकाने टक्कन बंद होणारा. पण पुस्तिकेचं पहिलंच वाक्य: हे ज्ञान इजिप्तच्या पुरोहितांचं. तिथेच डबा मिटला.

ही कथा कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १७८१ साली छापली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी वाचता कुणाला येत होती? शांपोलियोंने ती उलगडली १८२२ मध्ये. टॅरो म्हणजे मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव. आज ज्यांना गूढ म्हणतात त्यांतली एकवीस कार्डं तर चक्क हुकूम होती!

जादू, पेगन (ख्रिस्ती धर्माआधीचे निसर्गपूजक पंथ) असल्या विषयांवरचं पुस्तक असो की डेक, मी आधी इतिहास तपासते. तिथेच थाप असेल तर पुढचं कशाला ऐकायचं?

चहाबाज
ताई, या न्यायाने आपलं एकही स्थळमाहात्म्य हातात धरता येणार नाही. जेजुरीला जाणारा माणूस सनावळी विचारून भंडारा उधळतो का? विक्का या चेटूकपंथाचंच घ्या. त्याचा प्रवर्तक गार्डनर याने १९५४ च्या 'विचक्राफ्ट टुडे'मध्ये आपला पंथ प्राचीन धर्माचा उरलेला धागा म्हणून मांडला. त्यामागे मार्गारेट मरे या अभ्यासिकेचा सिद्धांत, पुस्तकाला प्रस्तावनाही त्यांचीच. इतिहासकारांनी तो मोडीत काढला. विक्का बुडाला? उलट बरेच विक्कन आता स्वतःच म्हणतात, आमचा धर्म विसाव्या शतकातला.

निशिगंध_६२
भंडाऱ्याच्या पुडीवर कुणी इसवी सन छापत नाही. कथा कथा म्हणून सांगा, माझी ना नाही. आणि विक्कनांनी कबूल केलं हे तर माझ्याच बाजूचं झालं.

रोकठोक
भविष्य खरं ठरतं का? नाही. संपला विषय. पैसे वाचवा.

पत्ते_पिसणारी
भविष्य कोण बघतंय, रोकठोक? मी रोज सकाळी एक कार्ड काढते आणि वहीत चार ओळी लिहिते, बस्स.

निशिगंधताई, पुस्तिका फेकून द्या, पण डेक पत्त्यांवरून जोखा. विकणारे नेहमी मोठी २२ कार्डं दाखवतात. तुम्ही उरलेली ५६ बघा, खरी मेहनत तिथे कळते. पेल्यांची पंजी काढा (पेले हा टॅरोतल्या चार रंगांपैकी एक). जुन्या फ्रेंच मार्सेय डेकमध्ये तिथे नुसते पाच पेले आणि वेलबुट्टी. १९०९ च्या रायडर डेकमध्ये पामेला कोलमन स्मिथने काळ्या झग्यातला माणूस काढला. समोर तीन पेले सांडलेले, तो त्यांच्याकडेच बघतोय. मागे दोन शाबूत आहेत, त्याला पत्ताच नाही. लांब नदीवर पूल. पुस्तिका न उघडताही यावर तासभर बोलता येतं. कोपऱ्यात तिची सही आहे, पण डेकला नावं मिळाली प्रकाशक रायडर यांची आणि डेकची कल्पना आखणाऱ्या वेट यांची. (माझा कायमचा राग.) गंमत म्हणजे इजिप्तची कथा वेट यांनी स्वतःच नाकारली होती.

आणि हो, पिसून बघा. हातात न मावणारी कार्डं शेवटी कपाटातच राहतात.

निशिगंध_६२
वेट यांचं माहीत नव्हतं. बरं, काढली पंजी. पाचही पेले उभे, सुबक, भरलेले. शेजारी एक मांजर झोपलंय. ना दुःख, ना पूल. पहिला आणि दहावा पेला काढला, त्यांतही तेच मांजर. म्हणजे तुमच्या कसोटीवरही नापास.

चहाबाज
पण मांजराचा अर्थ काय दिलाय पुस्तिकेत?

निशिगंध_६२
'प्राचीन इजिप्तमध्ये पवित्र.'