चार कोटी अंकांची मूळ संख्या शोधून मिळवलं काय?

ऐरोलीकर: २०२४ च्या ऑक्टोबरात लूक ड्युरंट यांनी आजवरची सगळ्यात मोठी ज्ञात मूळ संख्या शोधली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. अंक ४,१०,२४,३२०. पानावर तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांवर पानं होतील. त्यासाठी १७ देशांतले क्लाउडवरचे जीपीयू, म्हणजे प्रचंड आकडेमोड झपाट्याने करणाऱ्या चिपा, राबवले. आमच्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरांची रांग लागली आहे, ती किती वीज खातात ते रोज डोळ्यांसमोर आहे. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय. मग अजून एक सापडली तर कसलं कौतुक?

नौपाड्याच्या बाई: अहो, ही साधी मूळ संख्या नाही, मर्सेन जातीची आहे, म्हणजे २ चा कुठलातरी घात वजा १ अशा रूपातली. या अनंत आहेत की नाहीत हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. सापडल्यात फक्त ५२. नुसता घात मूळ असून भागत नाही: ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि तो निघतो २३ × ८९.

मर्सेन रूपातली संख्या मूळ आहे का, ते ठरवायला लुका-लेमर चाचणी असते. ती ३१ वर करून बघा. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. सुरुवात ४ पासून. दरवेळी वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. पहिल्यांदा १४. मग १९४, बाकी ८. मग ६२, बाकी शून्य. घातापेक्षा दोन कमी, म्हणजे तिसऱ्याच पायरीला शून्य आलं, संख्या मूळ. एकही अवयव शोधावा लागला नाही! नववीतल्या पोरांना हे फळ्यावर करून दाखवलं की मागचा बाकसुद्धा गप्प व्हायचा.

घोडबंदर लेन ३: बँकेच्या सुरक्षेला लागतात ना या संख्या? मग वीज वाया कशी?

वाशीचा कोडर: दादा, हा बचाव नको. बँकेचे संदेश कुलूपबंद करणारी आरएसए पद्धत घ्या, तिच्या २०४८ बिटच्या चावीला साधारण ३००-३०० अंकी दोन मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त हव्यात. ही तर जगजाहीर. चावी म्हणून शून्य किंमत.

ऐरोलीकर: बघा, तुमचाच माणूस सांगतोय.

नौपाड्याच्या बाई: उपयोगाचं मी बोललेच नव्हते. पण काढलाच आहे विषय, तर १९९४ मध्ये पेंटियम चिपच्या भागाकारातली चूक थॉमस नाइसली यांना जुळ्या मूळ संख्यांवर (११ आणि १३ सारख्या, दोनच्या फरकाच्या) काम करतानाच सापडली होती. तीही हौसच.

ऐरोलीकर: मान्य. पण तेव्हा एका प्राध्यापकाची हौस होती, आता हजारो जीपीयूंची. बिल कुठे आणि बिल कुठे!

वाशीचा कोडर: बाई, एक भर घालतो. हिला नुसतं '५२ वी' नाही, 'ज्ञात असलेल्यांपैकी ५२ वी' म्हणायचं. मधल्या सगळ्या घातांची दुबार तपासणी अजून पूर्ण नाही. हिच्यापेक्षा लहान एखादी मर्सेन मूळ संख्या निसटलेलीही असू शकते.

ऐरोलीकर: म्हणजे मीटर अजून चालूच.