मुद्रितशोधनासाठी जास्त रिझोल्यूशनची स्क्रीन घ्यावी का?

प्रश्न:
मी घरून मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन करते आणि दिवसाचे सात-आठ तास पीडीएफ वाचण्यात जातात. नवा १४ इंची लॅपटॉप घ्यायचा आहे. निवडलेले मॉडेल १९२० × १२०० आणि २८८० × १८०० पिक्सेल (म्हणजे चित्र घडवणारे बारीक ठिपके) अशा दोन स्क्रीनमध्ये मिळते; बाकी सर्व सारखे असून दुसऱ्यासाठी पंधरा हजार रुपये जास्त पडतात. सध्याच्या स्क्रीनवर ‘सर्वांनी’सारख्या शब्दात रफाराला चिकटलेला अनुस्वार आहे की गळला आहे, हे पाहण्यासाठी मला वारंवार झूम करावे लागते. एवढा खर्च सार्थकी लागेल का?

पहिले उत्तर:
आधी हिशेब मांडू. १४ इंची स्क्रीनवर पहिल्या पर्यायात दर इंचाला सुमारे १६२ पिक्सेल येतात आणि दुसऱ्यात सुमारे २४३. निकोप डोळा साधारणपणे कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखतो; ५० सेंटिमीटरवरून पाहताना ही मर्यादा दर इंचाला १७५ पिक्सेलच्या आसपास येते, तर ६० सेंटिमीटरवरून १४५ च्या आसपास. म्हणजे आपण स्क्रीनपासून किती दूर बसता, यावर बरेच अवलंबून आहे. जास्त रिझोल्यूशनमुळे स्क्रीनवर जास्त मजकूर मावेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण अक्षरे वाचता येण्याजोगी राहावीत म्हणून स्केलिंग (अक्षरे व चिन्हे मोठी दाखवण्याचे प्रमाण) वाढवावेच लागते आणि पदरात पडते ती केवळ सुस्पष्टता.

दुसरे उत्तर:
रॅम ८ जीबी असेल, तर हे पैसे आधी तिकडे वळवावेत, कारण अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येत नाही. शिवाय पिक्सेल सव्वादोन पट झाल्याने बॅटरीही लवकर उतरते.

तिसरे उत्तर:
मी अनेक वर्षे डीटीपीचे काम करतो, आणि माझ्या मते देवनागरीसाठी हा प्रश्न रोमन लिपीपेक्षा वेगळा आहे. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, अशी जागा राखल्यामुळे त्याच पॉइंटमध्ये मूळ अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते. १२ पॉइंटचा मजकूर प्रत्यक्ष आकारात पाहिला, तर या सगळ्यासाठी पहिल्या स्क्रीनवर २७ पिक्सेल मिळतात आणि दुसऱ्या स्क्रीनवर ४०. त्यातही डेमी आकाराचे साडेआठ इंच उंचीचे पान साडेसात इंचांहूनही कमी उंचीच्या स्क्रीनवर पूर्ण बसवले की अक्षर आणखी लहान होते, आणि ‘द्ध’ व ‘द्व’ यांतला फरक किंवा आपण म्हणता तो अनुस्वार नेमका तिथेच धूसर होतो. आपल्या कामासाठी मी दुसरी स्क्रीनच घेईन. फक्त ती चकचकीत नसावी, कारण खिडकीचे प्रतिबिंब दिवसभर डोळ्यांना त्रास देते. खरेदीपूर्वी आपलीच एखादी पीडीएफ पेनड्राइव्हवर नेऊन नेहमीच्या अंतरावरून वाचून पाहावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन्ही मॉडेलांत रॅम १६ जीबी आहे, त्यामुळे ती चिंता नव्हती. काल दुकानात दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून एकच प्रकरण वाचले. मी सुमारे ५० सेंटिमीटरवर बसते. पूर्ण पान समोर ठेवून पहिल्या स्क्रीनवर मला चार ठिकाणी झूम करावे लागले, दुसरीवर एकदाही नाही. दुसरी स्क्रीन मॅट असल्याची खात्री करून तीच घेतली.