407 वरच्या जुन्या कॅम्परचं छत गळतंय, वरून फायबर मारू का?

होटगीकर_407: जुन्या टाटा 407 ट्रकवर बांधलेला कॅम्पर घेतलाय. आत बाकडी, छोटा ओटा, ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा माळा. सागाचा सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. सप्टेंबरच्या पावसात माळ्याच्या पुढच्या कोपऱ्यातून पाणी आलं, प्लाय फुगलाय. आधीच्या मालकाने सांध्यांवर एम-सील अन् सिलिकॉन थापून ठेवलंय. गॅरेजवाला म्हणतो, वरून सरळ फायबर (काचतंतूचं कापड अन् रेझिन) मारू, कटकटच नको.

पत्रेवाले_काका: नको ओ! कुजक्या लाकडावर फायबर मारलं की ओल आतच कोंडते. वरून चकाचक, अन् एक दिवस माळा गादीसकट स्टेअरिंगवर.

अक्कलकोट रोडला बॉड्या बांधण्यात हयात गेली आमची. आपल्याकडचं ऊन काय चीज आहे बघा. तीन मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा 40 अंशांच्या फरकाला पावणेतीन मिलिमीटर वाढतो. दुपारी ताणतो, पहाटे आकसतो. एम-सील कडक, ते मे महिन्यातच तडकतं. तुम्हाला कळतं सप्टेंबरात.

माळ्याचा आतला प्लाय काढा अन् लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचत जा. टोक सहज घुसलं की ते लाकूड गेलं. ठिपकतं तिथेच भोक असतं असं समजू नका, पाणी पट्टीवरून वाहत येतं. लोखंडी स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसेल. ओल लागली की लोखंडापाशी अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. ते स्क्रू काढून स्टेनलेसचे घाला, कोपरापट्टीखाली ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी. ती मऊ राहते, पत्र्याबरोबर सरकते. जुनं सिलिकॉन मात्र पार खरवडा, त्याच्यावर दुसरं काही धरत नाही. अन् लोखंडी पत्ती नको, प्लास्टिकची घ्या. पोरं घाईत पत्रा ओरबाडून ठेवतात, मग मालक आमच्या नावाने शंख करतो.

पाटा_कमान: आरसीवर बॉडी काय लिहिलीय? मालवाहू असेल तर खर्चाआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांबद्दलच आहे.

होटगीकर_407: आरसीवर कॅम्परच आहे, ते बघूनच घेतला. काका, प्लाय काढला. पुढची आडवी पट्टी पार भुसा झालीय, उभ्या ठीक वाटतात. नवीन साग आणू?

पत्रेवाले_काका: नवीन कशाला? पाडलेल्या वाड्याची चौकट बघा, वाळलेला साग मिळतो. खिळे उपटल्याशिवाय करवतीवर घालू नका. अन् उभ्या पट्ट्यांच्या खालच्या टोकाला टोचलंत का? तिथे आधी कुजतं.