रॉय हेन्स: लीडर म्हणून ऐकायचा की साथीदार म्हणून?

लयवेडा
अमेरिकन जॅझ ड्रमर रॉय हेन्स १२ नोव्हेंबर २०२४ ला गेला, ९९ वर्षांचा होऊन, आणि तेव्हापासून बघतोय, त्याच्यावर कुणीही लिहिलं की तीच यादी. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग आणि चार्ली पार्कर, पाच वर्षं गायिका सारा व्हॉन, मग पियानोवादक मंक, मग सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेन, पियानोवादक चिक कोरिया. म्हणजे माणसाची ओळख काय तर तो कुणाकुणाच्या मागे बसला होता. मला हे पटत नाही. त्याच्या स्वतःच्या नावावरच्या रेकॉर्ड्स आधी ऐका आणि मग ती यादी काढा, असं माझं ठाम मत आहे.

'वी थ्री' घ्या, १९५८ ची. पियानोवर फिनियस न्यूबॉर्न, बेसवर पॉल चेंबर्स. त्यात 'आफ्टर अवर्स' नावाचा संथ ब्लूज आहे, अकरा मिनिटांच्या वर चालतो. लीडर ड्रमर असून तो एवढ्या वेळात कुठेही पुढे घुसत नाही, पियानोला हवी तेवढी जागा देतो, आणि तरी लय एकदासुद्धा सैल पडत नाही हो. स्वतःच्या रेकॉर्डवर एवढं थांबता येणं सोपं नाही. आणि १९६२ ची 'आउट ऑफ द आफ्टरनून', ज्यात रोलँड कर्क एकावेळी दोन-तीन वाद्यं तोंडात धरून फुंकतो, त्याला बरोबर घेणं म्हणजे वादळ घरात घेणं. हेन्सने ते घेतलं आणि रेकॉर्ड तरीही हेन्सचीच वाटते.

मंद्रसप्तक
आदर आहे, पण सपशेल असहमत.

'वी थ्री' हे नावच सांगतंय की ती तिघांची रेकॉर्ड आहे, कव्हरवर तिघांची नावं आहेत, ती हेन्सच्या एकट्याच्या खात्यात कशी टाकता? आणि ज्या संयमाचं कौतुक करताय तो साथीदाराचाच संयम आहे, लीडर झाला म्हणून आलेला नाही.

ड्रमिंग बदललं ते कुठे हे ऐकायचं असेल तर चिक कोरियाची 'नाऊ ही सिंग्ज, नाऊ ही सॉब्ज' लावा. मार्च १९६८, हेन्सने नुकतीच ४३ पूर्ण केलेली, कोरिया २६ चा, बेसवर मिरोस्लाव व्हिटुश, तो तर विशीतला. हेन्स त्यात फ्लॅट राइड वाजवतो, म्हणजे मधला घुमट नसलेली सपाट झांज. साध्या राइडवर भरभर वाजवलं की आवाजावर आवाज साठत जातो आणि पियानो त्यात बुडतो, या झांजेचा आवाज कोरडा आणि आखूड, त्यामुळे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो आणि पियानोचा एकही स्वर झाकला जात नाही. त्यातलं 'मॅट्रिक्स' हेडफोन लावून नुसत्या झांजेकडे कान देऊन ऐका. हाय-हॅट, म्हणजे पायाने वाजणारी झांजांची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पाय आपटत बसत नाही, वाटेल तिथे येतो, स्नेअर, म्हणजे तडतडणारा छोटा ड्रम, मधेच बोलतो, आणि तरी आपली मान बरोबर हलत राहते. आपल्याकडे तबल्याची साथ ऐकताना जसं कळतं की गवय्याची पुढची जागा याला आधीच दिसलीय, अगदी तसं. एकल वादनात हे ऐकायला मिळणारच नाही कारण समोर कुणी नाही!

पावशेर
दोघांनाही नम्र विनंती, सारा व्हॉनचं 'शूली अ बॉप' ऐका, १९५४. बाई गाता गाताच साथीदारांची ओळख करून देते, हेन्सपाशी आली की नुसतं 'रॉय' म्हणते, ड्रम उत्तर देतो, मग 'हेन्स', पुन्हा ड्रम. साथीदार असून त्या घटकेला गाणं त्याचं आहे. मग यात कोण लीडर आणि कोण साथीदार?

लयवेडा
@मंद्रसप्तक, कव्हरवर तिघं आहेत हे मान्य, पण 'आउट ऑफ द आफ्टरनून' चा लीडर हेन्सच आहे, त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. कर्क आणि टॉमी फ्लॅनगन ही जोडी बघा, एक अंगावर येणारा, दुसरा अत्यंत मऊ पियानो वाजवणारा. या दोघांना एका खोलीत आणायचं कुणाला सुचलं? माणसं निवडणं हेही संगीतच आहे. तुम्ही लीडर म्हणजे सोलो वाजवणारा असं धरून चाललाय, एकल वादनाचा मुद्दा म्हणूनच इथे लागू होत नाही, लीडर झाला तरी समोर माणसं आहेतच.

काळीपाच
इथे पैशाचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितोय. साथीदाराला त्या दिवसाचं मानधन मिळायचं आणि विषय संपायचा, रेकॉर्ड पुढे कितीही वर्षं खपो. ऑलिव्हर नेल्सनच्या १९६१ च्या रेकॉर्डवरचं 'स्टोलन मोमेंट्स' जगभर वाजलं, ड्रमवर हेन्स आहे, पण किती जणांना हे माहीत असतं? ड्रमर आर्ट ब्लेकीने 'जॅझ मेसेंजर्स' हा स्वतःचा बँड उभा केला म्हणून त्याचं नाव घराघरात. हेन्सचा तसा वर्षानुवर्षं टिकलेला बँड नव्हता, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा 'हिप आँसाँब्ल' हा बँड आला तेव्हा तो पंचेचाळिशी ओलांडून गेला होता. म्हणून लयवेडा यांचा राग मला समजतो. त्याच्या नावावरच्या रेकॉर्ड्स मागे पडल्या त्या कमी दर्जाच्या होत्या म्हणून नव्हे.

मंद्रसप्तक
@काळीपाच, नाव मिळालं नाही हा अन्यायच आहे, त्यात वाद नाही. पण अन्याय झाला म्हणून त्या रेकॉर्ड्स आपोआप वरच्या होत नाहीत.

@लयवेडा, 'आउट ऑफ द आफ्टरनून' उत्तम आहे, मी वर्षातून चारदा तरी लावतो. पण ती आणि १९६३ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातलं कोल्ट्रेनचं 'माय फेव्हरिट थिंग्ज' एकापाठोपाठ लावा. कोल्ट्रेनचा नेहमीचा ड्रमर एल्विन जोन्स तेव्हा बँडमध्ये नव्हता, त्याच्या जागी हेन्स बसला. एल्विनची लय गोल फिरते, खालून उचलते. हेन्सने त्याची नक्कल केली नाही, स्नेअरवर कडक, तुटक, वरच्या अंगाने वाजवला आणि कोल्ट्रेन त्या सतरा मिनिटांत वेगळाच वाजवायला लागला. दुसऱ्याच्या जागेवर बसून कोल्ट्रेनसारख्याची दिशा बदलणं, हे स्वतःच्या नावाच्या रेकॉर्डवर माणसं निवडण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

लयवेडा
न्यूपोर्ट ग्रेट आहे, नाही कोण म्हणतंय. पण तुमच्या या मुद्द्याला माझं उत्तर १९९४ ची 'ते व्हू'. १९८९ च्या डिसेंबरमध्ये पॅट मेथेनीच्या 'क्वेश्चन अँड आन्सर' वर हेन्स साथीला होता, आणि 'ते व्हू' वर तोच मेथेनी हेन्सच्या बँडमध्ये गिटार वाजवतोय, बेसवर तरुण क्रिश्चन मॅकब्राइड, सॅक्सवर डोनाल्ड हॅरिसन. सत्तरीला टेकलेला माणूस, हाताखाली त्याच्याहून कितीतरी तरुण मुलं आणि सगळ्यात ताजा आवाज त्याचा. ती ऐकून या आणि मग सांगा साथीदार मोठा होता का लीडर.

मंद्रसप्तक
'ते व्हू' ऐकलीय. 'क्वेश्चन अँड आन्सर' त्याहून चांगली आहे, आणि त्याचं कारण डेव्ह हॉलंडचा बेस. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.