टायरच्या हवेचा पिवळा दिवा: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, घोड्याच्या नालासारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. डॅशबोर्डवर हा दिवा लागल्यावर तुम्ही काय करता? सुरुवात माझ्या मूर्खपणापासून.

डिसेंबरातली नाशिकची सकाळ, आठ-नऊ अंश. गाडी सुरू केली आणि दिवा लागला. थंडीने हवा आकसते हे ठाऊक होतं (साधारण साडेपाच अंशांमागे एक पीएसआय, म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक), तेव्हा थंडीवर ढकललं आणि स्क्रीनवरचं रिसेट दाबलं. दिवा गेला, मी खूश. तो परत लागला चौथ्या दिवशी सिन्नरच्या पुढे. तोवर गाडी डावीकडे ओढत होती आणि पुढचा डावा टायर रिमवर बसत आला होता, खिळ्यासकट. पंक्चरवाले काका म्हणाले, "आधी दिवा नव्हता लागला?" लागला होता हो, मीच घालवला.

मग वाचत बसलो. माझ्या गाडीच्या चाकांत हवा मोजणारं काही नाहीच. एबीएसचे (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांचे फेरे मोजतात. हवा उतरलेल्या चाकाचा घेर किंचित लहान होतो, ते बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घेतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. रिसेट म्हणजे 'आत्ता आहे तेच बरोबर धर' असं तिला सांगणं. मी तिला खिळा घुसलेला टायर बरोबर म्हणून पढवला! आता रात्रभर उभ्या गाडीची हवा बघतो, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तो चारही चाकांत भरून घेतो, मग बटण. त्यानंतर थोडं चालवावं लागतं, गाडी शिकते. चारही चाकांची हवा हळूहळू सारखीच उतरली तर माझ्या गाडीला पत्ता लागत नाही, म्हणून गेज डिकीत ठेवलंय.

नागपूरहून

माझ्या गाडीत प्रत्येक चाकात सेन्सर आहे, स्क्रीनवर आकडे दिसतात. रिसेटची भानगड नाही, हवा भरून थोडं चाललं की दिवा आपोआप जातो. पण आकडे दिसणं हाच ताप. मे महिन्यात समृद्धीवर निघालो तेव्हा ३३, तासाभरात ३९. बायको म्हणे टायर फुटेल. पुढच्या पंपावर पोरगं म्हणालं, "भाऊ, किती ठेवू?" ३३ ठेव म्हटलं. त्याने फुस्स करून सोडली. दुसऱ्या दिवशी पहाटे इगतपुरीच्या गारव्यात २५ आणि दिवा! स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. चालून तापलेल्या टायरात चार-पाच पीएसआय वाढणारच, ती काढायची नाही हे त्या दिवशी कळलं.

रत्नागिरीहून

आमचा शत्रू खारी हवा. माझ्या सेन्सरची वॉल (हवा भरायची नळी) ॲल्युमिनियमची. पंक्चर काढताना प्लास्टिकचं टोपण हरवलं, पोराने स्कूटरचं पितळी लावून दिलं. मलाही ते झकास वाटलं, चकचकीत. दोन पावसाळे गेले. पुढे हवा भरायला गेलो तर टोपण हलेना. खारट ओलाव्यात पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना खातात, पांढरी भुकटी धरते आणि आटे जाम होतात. पक्कड लावली, टोपणासकट वॉलचा दांडा कट्टकन तुटला आणि चाक तिथेच बसलं. या प्रकारात दांडा आणि सेन्सर एकत्रच, त्यामुळे अख्खा नवा घ्यावा लागला. टोपण प्लास्टिकचंच लावा. टायर उतरवताना पंक्चरवाल्याला आधीच सांगा, "आत सेन्सर आहे, वॉलच्या बाजूने पट्टी घालू नकोस."

न्यू जर्सीतून

इकडे ऑक्टोबरातल्या पहिल्या गार सकाळी अर्ध्या पार्किंगमधल्या गाड्यांचे दिवे लागतात. फायरस्टोनचे टायर फुटून फोर्ड एक्सप्लोरर उलटल्या, त्यानंतर २००० साली इथे कायदा झाला. २००८ च्या मॉडेलपासून ही यंत्रणा सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीची आहे, आणि हवा ठरलेल्यापेक्षा पाव हिस्सा उतरली की दिवा लागलाच पाहिजे. माझी गाडी अकरा वर्षांची. दिवा आधी मिनिटभर उघडझाप करायचा, मग स्थिर. मी दर आठवड्याला निमूट हवा भरतोय, हवा तर पुरेशी! उघडझाप म्हणजे बिघाड यंत्रणेचाच, हे फार उशिरा समजलं. सेन्सरची बॅटरी आत पक्की बसवलेली, पाच ते दहा वर्षं टिकते, बदलता येत नाही. एक मेला तेव्हा मेकॅनिक म्हणाला, चारही बदल, बाकीचे रांगेतच आहेत. मी कंजूषपणा केला. वर्षभरात आणखी दोन गेले.

पुण्याहून

जुन्या गाडीला टोपणासारखे बाहेरून बसणारे सेन्सर लावलेत, काचेजवळ सोलरवर चालणारा डिस्प्ले. चाकांची अदलाबदल करून घेतली, सेन्सर चाकांबरोबर फिरले. डिस्प्ले म्हणतोय मागचं उजवं, आम्ही आठवडाभर मागच्या उजव्यात हवा भरतोय. रिकामं होत होतं पुढचं डावं.

ठाण्याहून

कसारा घाटात दिवा लागला, वेळेवर थांबलो, जॅक काढला, नट सोडले, सगळं शिस्तीत. स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नाही. तिच्यात सेन्सर नव्हता, आणि घेतल्यापासून तीन वर्षांत तिच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं.